सरहद्दीवरचा रस्ता आणि घरची भाकरी

दोन देशांत खुल्या व्यापाराचा करार झाला की दोन सूर कानी पडतात. एक म्हणतो, आता भरभराट होणार; दुसरा म्हणतो, आता कारखान्यांना कुलपे लागणार. ज्याच्या पोटाशी या कराराची गाठ आहे त्या कामगाराला मात्र खुलासेवार कोणी सांगत नाही. आम्ही अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हे; जे थोडेबहुत वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. तरी या बाबतीतला एक मोठा प्रयोग जगापुढे होऊन गेला आहे, आणि त्याचा जमाखर्च मांडण्यास तीस वर्षांचा काळ पुरेसा आहे, असे आम्हांस वाटते.

हा प्रयोग अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तीन देशांचा. त्यांचा ‘नाफ्टा’ करार 1 जानेवारी 1994 रोजी अमलात आला. करार म्हणजे काय, हे मुंबईकरांना जकात नाक्यावरून चटकन कळेल. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. तोपर्यंत मालाची गाडी नाक्यावर अडे आणि पैसे भरून सुटे. देशाच्या सीमेवरही असाच नाका असतो. तेथील जकात ठरावीक मुदतीत टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे वचन म्हणजे खुल्या व्यापाराचा करार. नाफ्टाने मक्यासारख्या नाजूक मालावरची शेवटची बंधने 2008 साली उठवली. माल मोकळा झाला, भांडवल मोकळे झाले. मजूर मात्र कुंपणाअलीकडेच राहिला. पुढचे पुष्कळसे परिणाम या एका गोष्टीतून निघाले आहेत.

आता रोजगाराचा हिशेब पाहू. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ही अमेरिकेतील कामगारांकडे कल असलेली अभ्याससंस्था. मेक्सिकोशी वाढलेल्या व्यापारतुटीमुळे 2010 पर्यंत सुमारे 6 लाख 83 हजार अमेरिकन नोकऱ्या गेल्या, असे तिचे अनुमान आहे. दुसरे अभ्यासक हा आकडा मान्य करीत नाहीत. त्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. करारानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील कारखान्यांतले कामगार कमी झाले नाहीत. 2000 साली ते 1 कोटी 70 लाखांच्या वर होते. मोठी घसरण त्यानंतरची. 2010 च्या आरंभी हा आकडा सुमारे 1 कोटी 15 लाखांवर आला. मध्यंतरी, डिसेंबर 2001 मध्ये, चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला होता, यंत्रे वाढली होती आणि 2008 ची मंदीही येऊन गेली होती. तेव्हा सगळे पाप एका कराराच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

पण नुकसान केवळ बंद पडलेल्या कारखान्यांतच मोजायचे असते काय? कॉर्नेल विद्यापीठाच्या केट ब्रॉन्फेनब्रेनर यांनी 1990 च्या दशकात युनियन बांधणीच्या मोहिमांचा अभ्यास केला. निम्म्या किंवा त्याहून अधिक ठिकाणी मालकांनी कारखाना बंद करण्याची वा हलवण्याची धमकी दिली, असे त्यांना आढळले. प्रत्यक्षात हलले त्याहून पुष्कळ कमी. ही गोष्ट आम्हांला पुस्तकातून शिकावी लागली नाही. वाटाघाटीच्या टेबलावर ‘मग आम्ही दुसरीकडे जातो’ हे वाक्य कोणत्या युनियनवाल्याने ऐकले नाही? कारखाना एकदाच जातो, पण जाण्याचा धाक रोज कामाला येतो, आणि पगारवाढीच्या मागणीला लगाम घालतो.

मेक्सिकोला तरी घबाड मिळाले का? तेथे सीमेलगतच्या कारखान्यांना ‘माकिलादोरा’ म्हणतात. त्यांची योजना नाफ्टाच्याही आधीची, 1965 सालची. करारानंतर हे कारखाने वाढले. परंतु कार्नेगी संस्थेच्या 2003 च्या अहवालाप्रमाणे 1994 ते 2002 या काळात कारखानदारीत सुमारे 5 लाख कामे नवी निर्माण झाली, तर शेतीत सुमारे 13 लाख कामे कमी झाली. सरकारी अनुदानावर पिकलेला अमेरिकन मका स्वस्तात आला. त्यापुढे डोंगरउतारावरचा लहान शेतकरी कसा टिकावा?

आता रस्त्याकडे वळू. टेक्सासमधील लारेडो हे अमेरिकेच्या भूसीमेवरील सर्वांत मोठे व्यापारी ठाणे. तेथून निघालेला पस्तीस क्रमांकाचा महामार्ग उत्तरेस मिनेसोटातील डुलुथपर्यंत, सुमारे 2,500 किलोमीटर जातो. लारेडोत एक चमत्कारिक रीत आहे. लांबून आलेला ट्रक आपला मालडबा सोडून परततो, दुसरी लहान पल्ल्याची गाडी तो पूल ओलांडून नेते, आणि पलीकडे तिसरी गाडी तो पुढे ओढते. या अदलाबदलीवर ड्रायव्हर, हमाल, गोदामवाले, जकातीचे दलाल असे सारे गाव जगते. गाड्या थेट धावू लागल्या तर वाहतूक स्वस्त होईल. पण गावाची रोजी जाईल.

करारात मेक्सिकोच्या ट्रकांना 1995 अखेर सीमेवरच्या राज्यांत व 2000 पासून सर्व अमेरिकेत मुभा द्यावी असे ठरले होते. टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनने सुरक्षिततेच्या प्रश्नावर विरोध केला आणि सरकारने मुभा रोखून धरली. 2001 साली लवादाचा निकाल अमेरिकेविरुद्ध गेला. 2009 साली अमेरिकेने प्रायोगिक वाहतूकही बंद केली, तेव्हा मेक्सिकोने सुमारे 90 अमेरिकन वस्तूंवर जकात बसवली. त्यात वॉशिंग्टन राज्यातील तळणाच्या बटाट्यांवरही संकट आले. ड्रायव्हर वाचला, पण बटाट्याच्या कारखान्यातील मजुरावर घाव बसला. 2011 साली तडजोड झाली. कुंपण घालून एकाचे रक्षण करताना घाव कोणाच्या दारी पडतो, हे युनियनांनीही पाहिले पाहिजे.

मग उपाय कोणता? 1 जुलै 2020 रोजी नाफ्टाच्या जागी नवा करार आला. मोटारीवर जकातमाफी हवी असेल तर तिच्या किमतीचा 40 ते 45 टक्के भाग ताशी निदान 16 डॉलर मिळवणाऱ्या कामगारांच्या हातचा असावा, अशी अट त्यात आहे. मेक्सिकोतील एखाद्या कारखान्यात युनियनचे स्वातंत्र्य दडपले तर त्वरित तक्रार करण्याचीही सोय आहे. सिलाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात या तरतुदीचा उपयोग झाला. कामगारांनी ऑगस्ट 2021 मध्ये जुना करार मतदानाने फेटाळला, फेब्रुवारी 2022 मध्ये स्वतंत्र युनियन निवडली आणि त्याच वर्षी 8.5 टक्के वाढ मिळवली. पलीकडचा पगार वाढला की अलीकडची धमकी बोथट होते. म्हणून परक्या देशाच्या कामगाराला शत्रू मानणे हा आमच्या मते मालकाचा फुकटचा फायदा आहे.

उलट, ज्यांचे काम गेले त्यांच्यासाठी अमेरिकेने 1962 पासून चालवलेली मदतयोजना 1 जुलै 2022 नंतर नव्या अर्जांना बंद झाली. करार कायम राहिला, भरपाई मात्र मुदतीची ठरली.

आपल्या देशानेही 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी असा करार केला आहे. त्याला सरसकट होय किंवा नाही म्हणण्याआधी आपल्या गावाने चार प्रश्न विचारावेत. जकात कोणत्या मालावर, किती वर्षांत जाणार? रस्ता गावातून जाणार की गावाला वगळून? संघटनेचा हक्क करारात आहे का, आणि तो मोडल्यास दाद कोठे? आणि काम गेलेल्याची भरपाई करारासोबतच लिहिली आहे का? शेवटच्या प्रश्नावर महाराष्ट्राला हसण्याचे कारण नाही. ज्या हमालाला एक मालक नाही त्यालाही मंडळामार्फत संरक्षण देणारा माथाडी कायदा याच राज्याने 1969 साली केला. रस्ता बांधणाऱ्यांनी टोलचा हिशेब आधी मांडून ठेवलेला असतो. रोजीचा हिशेब आपण मागितल्याशिवाय कोणी मांडणार नाही.