एका वेधशाळेने भागणार नाही

14 ऑगस्ट 2017 रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली गुरुत्वीय लहर पृथ्वीवर पोहोचली, तेव्हा अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांच्या जोडीला इटलीतील व्हर्गो नुकतीच रुजू झाली होती. नुसत्या लायगोच्या नोंदींवरून लहरीचा उगम आकाशातल्या 1160 चौरस अंशांत कुठेतरी, एवढेच कळत होते. व्हर्गोची नोंद जमेस धरताच ते क्षेत्र 60 चौरस अंशांवर आले, आणि तेही व्हर्गो त्या वेळी लायगोहून बरीच कमी संवेदनशील असताना! हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियाचे मोलही याच हिशेबात आहे. अवकाशातही हाच हिशेब लागू व्हायला हवा.

जमिनीच्या कंपनांमुळे सेकंदाला काही आवर्तनांहून मंद लहरी पृथ्वीवर टिपता येत नाहीत, आणि सूर्याच्या लाखो पट वस्तुमानाची कृष्णविवरे नेमक्या तशाच लहरी उठवतात. म्हणून युरोपची लिसा ही वेधशाळा 2035च्या सुमारास अवकाशात जाईल. तीन याने, एकमेकांपासून 25 लाख किलोमीटरवर. प्रत्येकात सोने-प्लॅटिनमचे 46 मिलिमीटरचे ठोकळे कशालाही न टेकता तरंगत राहतील. यानच स्वतःला सावरत त्यांच्याभोवती राहील. दूरच्या ठोकळ्यांमधले अंतर अणूच्या व्यासाहूनही कमी फरकाने बदलले, तरी लेझर ते टिपेल. हे केवळ कागदावरचे नाही: असे दोन ठोकळे 2015मध्ये पाठवलेल्या लिसा पाथफाइंडरवर अपेक्षेहूनही स्थिर राहिले.

मग लिसा एकटी का पुरेशी नाही? ती वर्षभरात सूर्याभोवती फिरते, त्यामुळे संकेतात होणाऱ्या बदलावरून दिशा काढता येते, हा आक्षेप खोटा नाही. महिनोन्‌महिने एकसारखे लहरत राहणाऱ्या श्वेतबटूंच्या जोड्यांना तो चपखल लागू पडतो. महाकाय कृष्णविवरांचे तसे नाही. त्यांच्या संकेताचा बहुतेक जोर अखेरच्या काही दिवसांत, तासांत एकवटतो. तेवढ्यात लिसा आपल्या कक्षेत फारशी सरकलेलीच नसते. तिथे दूरचा दुसरा साक्षीदार लागतो. लिसा पृथ्वीच्या मागे सुमारे 20 अंशांवर राहील. चीनची अशीच प्रस्तावित वेधशाळा तायजी तितकीच पुढे राहिली, तर दोघींत जवळजवळ 10 कोटी किलोमीटर अंतर पडेल आणि तीच लहर दोघींना साडेपाच मिनिटांपर्यंतच्या फरकाने भेटू शकेल; त्या फरकावरून दिशा काढता येईल. शिवाय विश्वाच्या आरंभापासूनची मंद गुरुत्वीय कुजबुज आणि उपकरणाची स्वतःची खरखर वेगळी ओळखायची, तर दोन स्वतंत्र नोंदींची तुलना हाच सर्वांत भरवशाचा उपाय.

अडचण खरी आहे ती राजकारणाची. लिसात नासाचा वाटा आहे आणि चीनशी द्विपक्षीय सहकार्याच्या बाबतीत अमेरिकी कायद्याने 2011पासून नासाला जखडून ठेवले आहे. पण यंत्रे वाटून घ्यायची गरजच कुठे आहे? नोंदी वाटल्या तरी पुरे. लायगो-व्हर्गो 2019पासून नव्या संकेतांची सूचना काही मिनिटांत जगजाहीर करतात. नोंदी खुल्या करण्याचे उड्डाणानंतरही ठरवता येईल. याने सूर्याभोवती कुठे ठेवायची, हे मात्र त्याआधीच ठरवावे लागते.