रोलर कोस्टरचे कडे वाटोळे का नसते?

अर्धी भरलेली बादली उभ्या वर्तुळात जोराने फिरवली, तर डोक्यावर उलटी आली तरी तिच्यातले पाणी सांडत नाही. हा प्रयोग तुमच्यापैकी पुष्कळांनी अंगणात (आणि पुढे घरच्यांची बोलणी खात) केला असेल. त्या वेळी हाताला सर्वांत जास्त ओढ कोठे बसते? बादली तळाशी येते तेथे.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे १८९५ साली ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची रोलर कोस्टर सुरू झाली. तिच्या रुळांना सुमारे २५ फूट व्यासाचे, वाटोळे उभे कडे होते. त्यातून डबा उलटा होऊन जाई, पण पडत नसे. मात्र उतरणाऱ्यांच्या माना आणि पाठी दुखत.

का, ते गणिताने पाहू. माथ्यावर डबा रुळाला जेमतेम टेकून राहायचा, तर त्याच्या वेगाचा वर्ग हा त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराइतका तरी हवा. तेथून तळापर्यंत डबा दोन त्रिज्या उतरतो. घर्षण सोडून दिले, तर तळाशी वेगाचा वर्ग पाचपट होतो. म्हणजे केंद्राकडील त्वरणही गुरुत्वत्वरणाच्या पाचपट. त्यात स्वतःचे वजन मिळवा. बैठक माणसाला त्याच्या वजनाच्या सहापट बलाने वर रेटते! साडेचार किलोग्रॅमचे डोके मानेला २७ किलोग्रॅमचे वाटते. गंमत अशी, की उत्तरात त्रिज्या उरतच नाही. कडे लहान करा की मोठे, सहापट ती सहापटच.

शिवाय सपाट रुळावरून वर्तुळात शिरताना हा भार एकदम येतो. मानेला सावरायला अवसरच मिळत नाही. माझ्या मते खरा घात येथे होता.

१९०१ साली कोनी आयलंडलाच ‘लूप द लूप’मध्ये कडे लंबवर्तुळाकार केले गेले. पण प्रश्न नीट सुटला तो १९७६ साली, कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन उद्यानाच्या ‘रेव्होल्यूशन’मध्ये. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याने तिच्या कड्यासाठी ‘क्लोथॉइड’ हा वक्र योजला. या वक्रावर जितके पुढे जावे त्या प्रमाणात वक्रता वाढत जाते. तळाशी वेग जास्त, तेथे त्रिज्या मोठी. माथ्यावर वेग कमी, तेथे त्रिज्या लहान. म्हणून असे कडे लांबट, माथ्याशी घट्ट वळलेले दिसते. भारही हळूहळू चढतो.

हे तत्त्व मात्र नवे नव्हते. सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये हळूहळू वाकत जाणारा तुकडा घालण्याची युक्ती रेल्वेच्या अभियंत्यांना एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होती. ‘फ्लिप फ्लॅप’ बांधणाऱ्यांनी ती उचलली नाही, इतकेच.