पोरांसाठी कुत्रा घ्यायचाय? आधी मे महिना आठवा

लेखमाला : घरातले चार पाय – लेखांक ५

गेल्या आठवड्यात कुत्रा घ्यावा की नाही, यावर बोललो. ज्यांच्या घरी 'घ्यायचाच' असं ठरलं, त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : घरात लहान मुलं आहेत, तर जात कोणती घ्यावी? नागपूरच्या सदर भागात हा प्रश्न फार ऐकू येतो. बैरामजी टाऊनकडे जुने बंगले जाऊन फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. आई-बाबा दोघंही नोकरीवर, आणि पोराला सोबत हवी. आई-बाबांनी मोबाइलवर एखादी यादी पाहून ठेवलेली असते. या याद्या बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांसाठी तयार झालेल्या. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, बीगल ही नावं त्यांत हमखास सापडतात. नागपूरचा मे महिना मात्र कुठेच सापडत नाही.

म्हणून आपण सुरुवात उन्हापासून करू. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि नवतप्यात रात्रीसुद्धा भिंती गरम लागतात. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळातच ३८ ते ३९ अंश असतं. माणसासारखा त्याला अंगभर घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी कामापुरत्या फक्त पंजांच्या गाद्यांमध्ये. त्याचा सगळा भरवसा धापा टाकण्यावर. ओल्या जिभेवरून, नाकाच्या आतल्या ओल्या पडद्यांवरून हवा जोरात ये-जा करते, पाण्याची वाफ होते आणि रक्त थंड होतं. आता ज्याचं नाकच चपटं आहे, त्याच्याकडे ही वाट आखूड आणि अरुंद. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग यांच्या नाकपुड्या बारीक, टाळूचा मऊ भाग घशापर्यंत लोंबणारा. ते जोरात धापा टाकायला लागले की घसा सुजतो आणि हवा आणखीच कमी जाते.

२००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला आणि घरोघरी पग दिसू लागले. जाहिरात खोटं सांगत नव्हती. पग मुलांना जीव लावतो, चावरा नसतो. पण मुलानं दुपारी चार वाजता पार्किंगमध्ये चेंडू फेकला तर तो 'नको' म्हणत नाही, धावतच सुटतो. हिरड्या गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटणारे, असा पग उचलून आणणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा चेहरा विसरता येत नाही. तेव्हा माझं मत सरळ सांगतो. उन्हाळाभर एसी चालवण्याची तयारी नसेल, तर नागपुरात चपट्या नाकाचा कुत्रा घेऊ नका. कूलरवर विसंबू नका, कारण बंद खोलीत कूलर हवा दमट करतो आणि दमट हवेत जिभेवरचं पाणी नीट सुकत नाही. खिडकी उघडी असेल, हवा बाहेर जात असेल, तरच कूलर कुत्र्याच्या उपयोगाचा.

हस्कीबद्दल थोडक्यात. सैबेरियात बर्फावरून मैलोन्‌मैल गाडी ओढण्यासाठी घडवलेला, दुहेरी केसांचा हा कुत्रा इथे तिसऱ्या मजल्यावर ठेवणं मला क्रूरपणा वाटतो. निळे डोळे कितीही सुंदर असोत.

उन्हाच्या चाळणीतून उरलेल्यांत मग जात बघायची का? इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या स्वभावाची माहिती मालकांकडून घेतली आणि २ हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकं तपासली. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता आला. माणसाचं ऐकण्याची वृत्ती जातीशी थोडीफार जुळली. पण कुत्रा किती लवकर चिडेल, याचा अंदाज जातीवरून जवळजवळ आलाच नाही. आणि मूल असलेल्या घराला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींवर बंदी घालावी, असं पत्र राज्यांना पाठवलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं. तरी अनेक घरांनी त्या यादीचा उलटा अर्थ काढला, की यादीत नसलेला कुत्रा म्हणजे बिनधोक. तसं नाही. अवाढव्य ताकदीचा कुत्रा चिडला तर इजा जास्त होते, एवढं खरं, आणि तेवढ्यासाठी मीही तान्ह्या मुलांच्या घरी रॉटवायलर सुचवत नाही. पण मुलांना चावे बहुतेक वेळा ओळखीच्या कुत्र्याचेच होतात, आणि तो कुत्रा पांढराशुभ्र, गोंडस स्पिट्झसुद्धा असू शकतो.

लॅब्राडोरकडे येऊ, कारण दहातली बरीच घरं शेवटी तिथेच थांबतात. स्वभाव बहुधा मायाळू, शिकायला उत्सुक. पण आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा लॅब म्हणजे पंचवीस-तीस किलोंचा धसमुसळा पोरगा. तीन वर्षांच्या मुलीला तो प्रेमानंच पाडतो, आणि ती फरशीवर पडते. घरातलं धाकटं मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत थांबता आलं तर बरं. दुसरं, त्याची भूक. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. मुलं टेबलाखालून पोळी देतात, सांबारवडीचा तुकडा देतात, त्यात कांदाही असतो, जो कुत्र्याला विषारी. वर्षभरात कुत्रा पिंपासारखा होतो आणि खुब्याचे सांधे धरतात. ताट कोण भरणार, हे घरातल्या एकाच मोठ्या माणसानं ठरवायचं. एवढी शिस्त पाळता येणार असेल, तर लॅब इथे चालतो.

आपल्याकडे ज्याला पॉमेरेनियन म्हणतात तो बहुधा भारतीय स्पिट्झ, 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीच्या जातीचा. पिढ्यान्‌पिढ्या इथेच वाढल्यानं तो उन्हाळा बऱ्यापैकी काढतो, खर्च कमी, फ्लॅटमध्ये मावतो. मात्र हाताळणी सहन न झाल्यास चटकन दात लावतो आणि भुंकतो भरपूर. आठ-दहा वर्षांच्या समजूतदार मुलांच्या घरी छान. डॅशहुंडला मुलं पुढचे पाय धरून उचलतात आणि त्याच्या लांब पाठीचे मणके दुखावतात, तेव्हा तिथे जपून. जर्मन शेफर्डला रोज काम आणि शिकवण हवी. ती देणारा माणूस घरात असेल तरच.

आपल्या मातीतला कारवान, म्हणजे मुधोळ हाउंड, मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासला. त्याचं टपाल तिकीट २००५ मध्ये निघालं. ऊन त्याला मानवतं. पण तो शिकारी, वाऱ्यासारखा धावणारा. मांजर दिसली की हातातला पट्टा सुटलाच. मिठ्या मारून घेणं त्याला फारसं रुचत नाही. अंगण आणि मोकळं मैदान असलेल्या घरी तो शोभतो, रेसिडेन्सी रोडच्या रहदारीत नाही.

आणि गावठी. माझा कल इकडेच आहे आणि त्याचं कारण भावनिक नाही. आखूड केस, लांब नाक, शिडशिडीत बांधा : नागपूरच्या उन्हानंच निवडून काढलेलं शरीर. जातिवंत कुत्र्यांत जवळच्या नात्यात पैदास करून जे आजार साठतात, ते याच्यात कमी. आणखी एक मोठा फायदा कोणी बोलत नाही. पिल्लाची आई तुम्हाला रोज गल्लीत दिसते. शाळेची रिक्षा आली, पोरं ओरडत उतरली, तर ती शेपूट हलवते की अंग आखडून गुरगुरते, हे तुम्ही महिनाभर बघू शकता. पिल्लाचा पुढचा स्वभाव ताडायला आईच्या स्वभावाची मदत होते. पिल्लाचा स्वभाव जोखण्याच्या झटपट परीक्षा त्या मानानं फार कच्च्या. परगावाहून खोक्यातून येणाऱ्या महागड्या पिल्लाची आई तर तुम्ही कधीच बघत नाही. गावठीच्या उणिवाही सांगतो : राखणदारीची वृत्ती तीव्र, अनोळखी माणसाबद्दल संशय, आणि गल्लीतून येताना गोचीड, जंत, कधी पार्व्हो विषाणूही सोबत. आणल्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. सदरकरांना सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

जात कुठलीही असो, वयाबाबत तडजोड करू नका. केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तरी तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात. भावंडांना जोरात चावलं की ती किंचाळतात, खेळ थांबतो, आई दटावते. दात किती लावायचे हे पिल्लू तिथे शिकतं. हा धडा चुकलेलं पिल्लू तुमच्या मुलाच्या हातावर शिकायला लागतं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लाला जे भेटतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. म्हणून विक्रेत्याला विचारा : हे घरात वाढलं की पिंजऱ्यात? यानं लहान मूल पाहिलंय का? पिल्लांजवळ जमिनीवर बसा, थोडा वेळ काहीच करू नका, मग एकदा टाळी वाजवा. कोपऱ्यात थरथरणारं पिल्लू दया येऊन उचलू नका. भित्रं पिल्लू मोठेपणी भीतीनं चावण्याचा धोका जास्त. सगळ्यांना तुडवत येणारंही नको. येतं, हुंगतं, टाळीला दचकतं आणि पुन्हा जवळ येतं, ते घ्या.

पैसे देण्याआधी घरात एक गोष्ट ठरवा. एप्रिल ते जून डांबर तापायच्या आत, म्हणजे सकाळी साडेपाचला, फिरवायला कोण नेणार? संध्याकाळी रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहायची. चटका बसला तर बाहेर काढायचं नाही. ही जबाबदारी सातवीतल्या मुलावर टाकू नका. तो मदत करेल, पण नाव मोठ्या माणसाचंच हवं. त्या नावाचा माणूस घरात मिळाला नाही, तर यंदा पिल्लू नको, पुढच्या हिवाळ्यात बघू.

पुढच्या आठवड्यात : पिल्लाच्या लसी, गोचीड ताप आणि महापालिकेची नोंदणी.