आग रामेश्वरी, पाना सोमेश्वरी

माझ्या जीपचं वय एक नाही. चासी १९६८ची. इंजिन त्यानंतर वीसेक वर्षांनी जन्मलेलं आणि मूळच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी येऊन बसलेलं. पुढची सीट एका व्हॅनची, आरसा एका ट्रॅक्टरचा. मागचे पाटे कुठून आले ते लिलावात ती विकणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षी ती वाईच्या घराच्या अंगणात आणून उभी केली तेव्हा आमचे मिस्त्री एक चक्कर मारून म्हणाले, "सर, आधी ही गाडी कुठली ते ठरवू. बिघाड मग बघू."

मला तो विनोद वाटला होता. पण महाराष्ट्रात जुन्या जीपच्या दुरुस्तीची खरी सुरुवात तिथूनच होते. डिझेल स्वस्त होतं त्या काळात पेट्रोल जीपांची इंजिनं सर्रास बदलली गेली. कुणी ट्रॅक्टरच्या कुळातलं डिझेल इंजिन बसवलं, कुणी प्यूजोचं. सातारा-कोल्हापूरकडे याच जीपांवर वडाप, म्हणजे माणशी भाड्याची प्रवासी वाहतूक, चाललं. वडापवाल्याला गाडी संध्याकाळपर्यंत रस्त्यावर हवी असते, त्यामुळे जो पार्ट मिळाला तो बसला. अशा गाडीसाठी कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे सील मागवलं तर ते हमखास दोन मिलिमीटरनी चुकतं. म्हणून जुना पार्ट खिशात घालूनच दुकानात जायचं. फोटो चालत नाही.

मूळ गाडी मात्र फार सरळ स्वभावाची. अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडची. १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद नावाने सुरू झालेली कंपनी १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली, कारण भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. पुढच्याच वर्षी विलीजकडून सुट्या भागांच्या रूपात आलेल्या ७५ गाड्यांची पहिली खेप मुंबईत जोडली गेली. माझी आहे ती सीजे-३बी, १९५३ सालचा घाट. बॉनेट उंच, कारण नव्या इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले आणि इंजिनाची उंची वाढली. अमेरिकेने हा घाट १९६८ साली थांबवला, आपल्याकडे तो पुढे कितीतरी वर्षं चालला. डिझेलसाठी १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाला आणि इगतपुरीत एक्सडीपी ४.९० इंजिनं होऊ लागली. नावात सगळं आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर. २११२ सीसी. माझ्या उंच बॉनेटखाली आता तेच आहे.

या गाडीत संगणक नाही, सेन्सर नाही. ती काय झालं ते सांगते, पण आवाज, धूर, कंप आणि वास याच भाषेत, आणि बऱ्याचदा एका जागचं दुखणं दुसऱ्या जागेवरून. माझ्यासारखे हौशी तिथेच फसतात. आवाज आला तिथे पाना लावतात.

गाडीखाली शिरण्याआधी मात्र हँडब्रेकचं सांगितलंच पाहिजे, कारण माझी एक बरगडी त्यात जायची राहिली. आजच्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. या जीपचा तसा नाही. तो ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या शाफ्टच्या तोंडाशी एका लहान ड्रमवर बसतो. शाफ्ट धरला की दोन्ही चाकं थांबतात, पण दोन्ही जमिनीवर असतील तरच. एक मागचं चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियल आपलं काम करतो: अधांतरी चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुटं होतं. हँडब्रेक घट्ट ओढलेला असून गाडी चालू लागते. माझी जीप जॅकवरून उतरली तेव्हा मी नशिबाने पाना आणायला उठलो होतो. तेव्हापासून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि चासीखाली लोखंडी घोड्या. दगड नाही, विटा तर नाहीच, वीट भार आल्यावर न सांगता फुटते.

आणखी एक खोड. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, चाकाच्या फिरण्याने सैल होऊ नयेत म्हणून. हे माहीत नसलेला माझा भाचा पान्याला पाइप लावून त्यावर उभा राहिला. नट सुटला नाही, स्टड तुटला.

आता सकाळचं सुरू न होणं. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. अशा वेळी मी बॉनेट उघडत नाही, मागे जाऊन सायलेन्सरकडे बघतो आणि बायकोला सेल्फ मारायला सांगतो. (ती हे काम करते, पण पदर सायलेन्सरपासून चार हात लांब ठेवून.) धूरच नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय, जळत नाहीये. एवढ्या एका नजरेत निम्मी गाडी संशयितांच्या यादीतून सुटते. पांढऱ्या धुराला प्यूजोच्या बाबतीत आधी हीटर प्लग बघायचे, एकेकाची तार सोडवून टेस्ट लॅम्पने. चारांतले दोन गेलेले असले तरी उन्हाळ्यात गाडी कुरकुरत सुरू होते आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. पाचगणीच्या बाजूने थंडी उतरली की बिंग फुटतं.

धूर नसेल तर बहुतेक वेळा लाइनीने हवा घेतलेली असते. इथे लोक दर आठवड्याला हवा काढत बसतात. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हाताच्या पंपाने डिझेल चढवायचं, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळायचा. गाडी सुरू. आठवड्याने परत तेच. हवा काढणं म्हणजे ताप उतरवणं झालं, हवा शिरते कुठून ते कोण शोधणार? तिच्या वाटा अनेक: वाळून चिरलेला रबरी पाइप, दुसऱ्यांदा वापरलेला तांब्याचा वायसर, टाकीतल्या ओढनळीला पडलेलं बारीक छिद्र. आणि गंमत अशी की ओढणाऱ्या बाजूने डिझेल गळत नाही, हवाच आत खेचली जाते. म्हणजे ओल शोधून काही सापडत नाही.

मिस्त्रींनी मला यासाठी एक रीत शिकवली, आणि माझ्या मते जीपच्या सगळ्या निदानातली ही सर्वांत सुंदर रीत आहे. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्यायचं. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपाशी सोडवायचा आणि त्या जागी पारदर्शक नळी लावून ती कॅनमध्ये सोडायची. परतीचा पाइपही कॅनमध्येच. आता गाडी अशी चालली की नळीत एकही बुडबुडा नाही आणि इंजिन तालात, तर पंप, नोझल, फिल्टर सगळे निर्दोष. दोष कॅनने वगळलेल्या भागात, म्हणजे टाकी ते पंप. तरीही बंद पडली तर टाकीकडे बघायचं कारण उरलं नाही. मग उरलेल्या भागाचे पुन्हा दोन तुकडे करायचे. नोझल उतरवून टेस्टिंगला पाठवण्याचा खर्च या दहा मिनिटांनी कित्येकदा वाचवला आहे. हे फक्त डिझेलसाठी, पेट्रोलचा उघडा कॅन गरम इंजिनाशेजारी ठेवणं म्हणजे सरण रचणं. डिझेलमध्येही नोझलकडे जाणाऱ्या लाइनीवर बोट ठेवून दाब बघायचा नाही. ती धार कातडी भेदून आत जाते.

आता लिव्हरची गोष्ट. जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे: एक पुढचा ॲक्सल जोडणारा, दुसरा हाय-लोचा. लोमध्ये वेग २.४६ पटींनी उतरतो आणि ओढ तितकीच चढते. पहिल्या पावसाळ्यात मी पसरणीचा घाट फोर व्हील टाकून चढलो. गरज नव्हती. डांबरी रस्ता, पाऊस उघडलेला, ऊनही पडलेलं, पण दांडा आहे तर वापरू, अशी नव्या मालकाची हौस. वर पोहोचल्यावर दांडा मागे येईना. दोन्ही हातांनी ओढला, लाथ मारली. स्टेअरिंग जड, गाडी ब्रेक लागल्यासारखी. माझी खात्री पटली की ट्रान्सफर केस फुटली. वाईला फोन केला.

"सर, सरळ रेषेत दहा पावलं रिव्हर्स घ्या आन् मग ओढा," मिस्त्री म्हणाले. घेतली. दांडा लोण्यातून सुरी यावी तसा आला.

काही बिघडलंच नव्हतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे त्यांना जास्त फिरावं लागतं. एका ॲक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांतला असा फरक डिफरन्शियल सांभाळतो, पण पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये या जीपला डिफरन्शियल नाहीच. फोर व्हील टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशोब फिटतो. डांबरावर घसरता येत नाही, मग प्रत्येक वळणागणिक शाफ्टांना पीळ बसत जातो, सुंभासारखा, आणि तो पीळ गिअरच्या दात्यांना इतका दाबून धरतो की दांडा हलत नाही. रिव्हर्समध्ये पीळ उलगडतो.

हाच पीळ सरळ रस्त्यावरही बसू शकतो आणि त्याचं कारण तर कुणी गाडीत शोधतच नाही. पुढे नवे टायर, मागे झिजलेले. सहा-सोळाच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. टायर एक सेंटिमीटर झिजला की घेर सुमारे सहा सेंटिमीटरनी कमी होतो. किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत सत्तावीसेक मीटरचं भांडण, दर किलोमीटरला, आणि ते सोसायचं गिअर आणि शाफ्टच्या क्रॉसनी. ट्रान्सफर केस उघडण्याआधी चारही चाकांना खडूची खूण करून एकेक फेरा जमिनीवर मोजावा. खर्च एका खडूचा, आणि शाळामास्तराच्या घरी तो तसाही असतो.

पन्नास-साठच्या वेगाला एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग हातातून सुटेल असं थडथडायला लागतं आणि गाडी थांबवेपर्यंत थांबत नाही, हा जुन्या जीपचा सर्वांत घाबरवणारा आजार. लोक चाकांचं बॅलन्सिंग करून घेतात, मग टाय रॉडचे एंड बदलतात, मग स्टेअरिंग बॉक्स. या क्रमाने पैसे जातात, थडथड राहते. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि ढिलाई जाणवली, तर ती व्हील बेअरिंगची की किंगपिनची? दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ढिलाई नाहीशी झाली तर व्हील बेअरिंगची, कारण ब्रेकने ड्रम आणि प्लेट एक केली. राहिली तर किंगपिनची, आणि तिथे बेअरिंगच्या कॅपखालचे पातळ शिम काढून ताण आणावा लागतो. दोन्ही ठीक असतील तर पाट्यांचा मधला बोल्ट बघायचा. तो तुटला की ॲक्सल जागेवरून सरकतो.

शाफ्टच्या क्रॉसचं निदान त्यामानाने पोरखेळ. क्लच सोडताना 'टण्ण' झालं, की चाकांना ठोकळे लावून, गिअर न्यूट्रल करून शाफ्ट हाताने पिळून बघायचा. क्रॉसच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसली तर ग्रीस संपून वर्षं झाली. नवा क्रॉस घालताना शाफ्टचे दोन तुकडे सुटे झाले तर आधी दोन्हींवर खूण करावी. ते एक दात चुकून जोडले गेले की नव्या क्रॉससकट गाडी थरथरते, आणि मग पुन्हा गिअरबॉक्सवर संशय.

ब्रेकबद्दल एवढंच: मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीच्या खाली असतो, आणि नजरेआड म्हणून विसरला जातो. आणि जुने लायनर उघडताना फुंकर मारायची नाही, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायचं.

गाडीत कुठलाही नवा आजार दिसला की मिस्त्री पाना काढत नाहीत. आधी विचारतात, "शेवटचा हात कशाला लागला?" सुरुवातीला मला यात पोलिसी खाक्या वाटायचा. पुढे माझ्या वहीतल्या नोंदी वाचल्या. टण्ण आवाज क्रॉस बदलल्यानंतरचा, लाइनीतली हवा फिल्टर बदलल्यानंतरची, थडथड पाटे भरल्यानंतरची.

गेल्या महिन्यात वडापवाला शेजारचा पोरगा आला. त्याची जीप घाटात पंधरा-वीस मिनिटं चालते, मग ओढच संपते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की परत सुरू. फिल्टर बदलून झाला, हवा काढून झाली.

"काका, उद्या पंप आन् नोझल उतरवायचं ठरलंय. उधारीनं पैसे उचललेत."

"शेवटचा हात कशाला लागला?"

"कशालाच नाही." मग थोडं थांबून, "टाकीचं झाकण हरवलं होतं पेट्रोल पंपावर. दुसऱ्या गाडीचं घट्ट बसणारं टाकलं."

दोघं बसलो आणि मेणवलीच्या रस्त्याला लागलो. बाराव्या मिनिटाला इंजिन धापा टाकायला लागलं. बंद पडलं तशी खाली उतरलो आणि त्याला म्हटलं, झाकण फिरव. त्याने अर्धा आटा सोडला असेल नसेल, टाकीने एवढा मोठा श्वास आत घेतला की बांधावर बसलेल्या बाईने मान वळवून बघितलं.