१४८वा मणी आणि डब्यातली साखर

नेरूळच्या एखाद्या शाळेतला पाचवीचा वर्ग घ्या. पटावर ४० मुलं. यकृतात चरबी साठायला मदत करणारा एक जनुकीय बदल यातल्या दोन-तीन मुलांना आई आणि वडील, दोघांकडूनही मिळालेला असेल. १५ जणांना तो एकाच पालकाकडून आला असेल. उरलेल्या २२-२३ जणांकडे तो नसेलच.

हा आकडा कुठल्या शाळेत रक्त तपासून काढलेला नाही. जनुकाचं नाव ‘पीएनपीएलए३’. दक्षिण आशियाई लोकांत त्याच्या दर १०० प्रतींमागे सुमारे २५ या बदललेल्या प्रकारच्या असतात. पाव गुणिले पाव म्हणजे सोळावा हिस्सा, आणि ४०चा सोळावा हिस्सा अडीच. २५चा आकडा आला ‘१००० जीनोम’ प्रकल्पातून. त्यात गुजराती, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ असे पाच गट आहेत, मराठी गट नाही. नवी मुंबईच्या वर्गात हे पाचही भेटतात, शेजारच्या बाकावर आगरी-कोळी आणि घाटावरून आलेल्यांची मुलं असतात. शिवाय आपल्याकडे लग्नं बहुतेक जातीतच होतात, म्हणून अडीचचा आकडा प्रत्येक समाजात थोडा इकडेतिकडे सरकणार. पण गणिताची जात तीच राहते.

आता रोगाचे आकडे. ‘एम्स’च्या डॉक्टरांनी देशभरातले ५० अभ्यास एकत्र करून २०२२मध्ये जे विश्लेषण छापलं, त्यात लठ्ठ मुलांपैकी ६३.४ टक्के मुलांच्या यकृतात चरबी आढळली. त्याहून चटका लावणारा आकडा दुसरा आहे: लठ्ठ नसलेल्या मुलांतही १२.४ टक्के. म्हणजे आठातलं एक मूल. घरी ज्याला ‘अंगाने बेताचाच आहे’ म्हणतात, तोही यात आला.

मग जनुकाकडे बोट जातं. ‘आमच्या घराण्यातच आहे’ हे वाक्य सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की हमखास निघतं, आणि ते खोटं नाही. सॅन डिएगोत २००९मध्ये मुलांसोबत त्यांच्या घरच्यांचीही यकृतं तपासली. ज्या स्थूल मुलाला फॅटी लिव्हर होतं, त्याच्या भावंडांपैकी ५९ टक्के आणि आईवडिलांपैकी ७८ टक्के जणांना ते निघालं. तितक्याच स्थूल, पण यकृत स्वच्छ असलेल्या मुलांच्या घरी हेच आकडे १७ आणि ३७. अर्थात एका घरात जनुकं एक तशी कढईही एकच असते. ती गाठ जुळ्यांवरून सोडवता येते. ६० जुळ्यांच्या जोड्यांवरचा २०१५चा अभ्यास सांगतो, यकृतातल्या चरबीचा आनुवंशिक वाटा ५२ टक्के. या ५२चा अर्थ ‘माझ्या मुलाची निम्मी चरबी जनुकांची’ असा लावू नये. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला निम्मा जनुकांच्या फरकाने समजावता येतो, एवढंच. उद्या सगळ्या शहराने एकच डबा खाल्ला तर हा आकडा चढेल, आणि जनुकं मात्र जिथल्या तिथे असतील.

‘पीएनपीएलए३’चा फॅटी लिव्हरशी संबंध २००८मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये उघड झाला. तिथे हिस्पॅनिक लोकांत ४५ टक्के, गोऱ्यांत ३३ आणि कृष्णवर्णीयांत २४ टक्के जणांना फॅटी लिव्हर होतं. लठ्ठपणावरून हा क्रम लागत नव्हता. जनुकाच्या बदललेल्या प्रकाराचं प्रमाण मोजलं, तर अनुक्रमे ४९, २३ आणि १७. क्रम तंतोतंत लागला.

आपला आकडा २५, म्हणजे डॅलसच्या गोऱ्यांच्या आसपास. तेव्हा सडपातळ भारतीय मुलाच्या यकृतात चरबी का, याचं पूर्ण उत्तर या जनुकात मिळणार नाही. २०१०मध्ये दुसरं एक जनुक गाजलं होतं, ‘एपीओसी३’. ९५ निरोगी भारतीय वंशाच्या पुरुषांत बदल असलेल्यांपैकी ३८ टक्के जणांना फॅटी लिव्हर, नसलेल्यांत शून्य. इतकी देखणी आकडेवारी पाहूनच शंका यायला हवी होती. पुढच्या मोठ्या अभ्यासांत ती टिकली नाही.

माझ्या मते अधिक वजनदार आकडे पुण्याचे आहेत. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळं इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांशी ताडून पाहिली. सरासरी वजन २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. वरून बारीक, आतून चरबीदार. पुढे २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पण हे जन्मजात आहे म्हणून आनुवंशिकच, असं होत नाही. गरोदरपणी आईला काय मिळालं, यावर याज्ञिकांचा सगळा भर आहे.

आता साखर. ‘पीएनपीएलए३’चं प्रथिन म्हणजे ४८१ मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, माळ. बदललेल्या प्रकारात १४८वा मणी वेगळा असतो, बस. मूळ प्रथिन काम झालं की पेशी मोडून टाकते. हे मोडलं जात नाही. ते चरबीच्या थेंबावर साचत राहतं आणि चरबी फोडणाऱ्या विकराचा मदतनीस अडकवून ठेवतं. आणि हे प्रथिन तयार करण्याचा हुकूम सुटतो तो गोड आणि पिठूळ खाण्यानंतर वाढणाऱ्या इन्शुलिनमुळे. वेगळा मणी असलेल्या मुलाने गोड खाल्लं की न मोडणारं प्रथिन आणखी तयार होतं. २०१०मध्ये १५३ हिस्पॅनिक मुलांत हेच दिसलं: दोन्ही प्रती बदललेल्या मुलांतच साखर आणि यकृतातली चरबी यांचा संबंध ठळक निघाला.

उलट बाजूही तितकीच ठळक आहे. १८ प्रौढांना सहा दिवस कमी उष्मांकाचा, कमी पिठूळ आहार दिला. सर्वसाधारण जनुकवाल्यांची यकृतातली चरबी १८ टक्क्यांनी उतरली, दोन्ही प्रती बदललेल्यांची ४५ टक्क्यांनी. माणसं थोडी होती, पण घराण्याचा हवाला देऊन गप्प बसणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

मुलांवरचा पुरावा २०१९चा. ११ ते १६ वर्षांचे ४० मुलगे, आठ आठवडे. निम्म्यांच्या घरचं स्वयंपाकघरच बदललं, वरून घातलेली साखर ३ टक्के उष्मांकांच्या खाली आणली. यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७वर आली. बाकीच्यांची २१वरून २०.

जनुक तपासणीचे संच हल्ली घरपोच मिळतात. निकाल काहीही आला तरी सल्ला तोच राहतो, म्हणून ते पैसे वाचवावेत. त्याऐवजी वजन जास्त असलेल्या मुलाची नवव्या ते अकराव्या वर्षी एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करावी. मात्र रिपोर्टवर छापलेली ४०ची मर्यादा मोठ्यांची असते. मुलांसाठी अमेरिकी बालयकृततज्ज्ञांनी मुलींना २२ आणि मुलग्यांना २६ अशी रेषा आखली आहे. एक जनुक मात्र खरोखर शोधावं लागतं, विल्सनच्या आजाराचं. तो सोनोग्राफीत फॅटी लिव्हरसारखाच दिसू शकतो, औषधाने आटोक्यात येतो, आणि रुग्णाच्या सख्ख्या भावंडाला असण्याची शक्यता चारात एक असते.

२०२५च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. त्या परिपत्रकात ११ ते १८ वर्षांच्या मुलांच्या उष्मांकांत साखरेचा वाटा १५ टक्के दिला आहे, शिफारस ५ टक्क्यांची. दिवसाला २००० उष्मांक धरले तर १५ टक्के म्हणजे ७५ ग्रॅम. त्या ४० मुलग्यांच्या प्रयोगातली ३ टक्के म्हणजे १५ ग्रॅम, तीन चहाचे चमचे. वाशी स्टेशनबाहेर मिळणाऱ्या थंड पेयाच्या २५० मिलीलीटरच्या एका बाटलीत साधारण २६ ग्रॅम असते.