हललं म्हणजे काय?

आता ‘मोशन’कडे येऊ. जुन्या लॅपटॉपवर लुबुंटूसारखं हलकं लिनक्स टाकून वेबकॅम जोडला, की हा प्रोग्रॅम चालतो. तो चोर ओळखत नाही बरं का! आधीच्या चित्रांशी ताजं चित्र ताडून बदललेले ठिपके मोजतो, बस्स. हा उंबरठा, म्हणजे ‘थ्रेशोल्ड’, मुळात १५०० ठिपक्यांचा असतो. पडद्याच्या हलण्यानं डिस्क भरू लागली तर वाढवा. पण फार वाढवलात तर दूरचा माणूसही निसटेल.

समोर शेजाऱ्यांचं दार आहे? साध्या ‘मास्क’मध्ये तो भाग काळा केला तर तिथली हालचाल मोजली जात नाही, एवढंच. साठवलेल्या चित्रात दार दिसतंच! ते झाकायला ‘मास्क प्रायव्हसी’ ही वेगळी सोय आहे. मी म्हणेन, आधी कॅमेराच वळवा.