व्हिएतनाम आणि आपला सातबारा

मुळशी तालुक्यातल्या ज्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो, तेथे दर वर्षी व्हिएतनामचे प्रकरण आले की वर्गातला एखादा मुलगा उठतो आणि तीच गोष्ट सांगतो. व्हिएतनामचा कोणी मंत्री भारतात आला, त्याने रायगडावर जाण्याचा हट्ट धरला, समाधीजवळची माती कपाळाला लावली आणि म्हणाला, अमेरिकेला आम्ही शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याने हरवले. ही गोष्ट व्याख्यानांतून फिरली आणि आता मोबाइलवरून फिरते. तिला कागदाचा आधार नाही. जनरल जियाप हे स्वतः हनोईत इतिहासाचे मास्तर होते, आणि गनिमी युद्धाचे धडे घ्यायला त्यांना परदेशी जाण्याची गरज नव्हती. तेराव्या शतकात मंगोलांना पाण्यात बुडवणारा त्रान हुंग दाओ त्यांच्या घरचाच होता. शिवाय माओच्या चीनचा अनुभव शेजारी ताजा होता.

गोष्ट खोटी आहे ह्याचे मला फारसे दुःख नाही. तिच्यामुळे खरा प्रश्न झाकला जातो, ह्याचे आहे. युक्ती कोणाचीही असो, ती युक्ती अंगावर घेऊन तीस वर्षे मरायला तयार झालेली माणसे कोण होती? ती का तयार झाली? मावळात जन्मलेल्या, ज्याच्या घरात आपल्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही अशा माणसाला हा प्रश्न जवळचा वाटतो. त्याचे उत्तर एका शब्दात येते, आणि तो शब्द आपल्या चावडीवरचा आहे : जमीन.

फ्रेंचांच्या राज्यात मेकाँगच्या खोऱ्यातला बहुसंख्य शेतकरी कूळ होता. निम्मे पीक, कधी त्याहूनही जास्त, खंडाला जाई, आणि उरलेल्यावर सावकाराचे व्याज बसे. १९४४–४५ मध्ये उत्तरेत दुष्काळ पडला. जपानी लष्कर आणि फ्रेंच अंमलदार धान्य काढून नेत होते, भाताच्या खाचरांत ताग लावायला भाग पाडत होते. आपल्या बंगालात १९४३ मध्ये जे झाले त्याचेच हे भावंड. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत हो चि मिन्ह ह्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा ह्या दुष्काळात वीस लाख माणसे मेल्याचे त्यांनी सांगितले. व्हिएतमिन्हचे कार्यकर्ते त्या दिवसांत गावोगाव कोठारे फोडायला सांगत होते. भाषणांनी जे झाले नसते ते ह्या कोठारांनी केले. माणसाला देश आधी भाताच्या रूपाने भेटला.

७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू पडले. जिनिव्हा करारात देशाचे सतराव्या अक्षांशावर दोन भाग झाले. देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्याचे अध्यक्षपद भारताकडे होते. १९५६ मध्ये दोन्ही भागांत मिळून निवडणूक व्हायची होती. ती झाली नाही. दक्षिणेत न्गो दिन्ह डिएम ह्यांच्या राजवटीत काय घडले ते नीट पाहण्यासारखे आहे. व्हिएतमिन्हने ज्या जमिनी कुळांना वाटल्या होत्या त्या मागायला जमीनदार परत आले, आणि बरोबर सैनिक आले. थकलेला खंडही वसूल झाला. मग अमेरिकेच्या आग्रहाने डिएम ह्यांनी १९५६ मध्ये जमीन सुधारणेचा हुकूम काढला. त्यात कमाल मर्यादा किती, तर शंभर हेक्टर. अडीचशे एकर! ज्या कुळाला व्हिएतमिन्हकडून फुकट मिळाली होती त्याने तीच जमीन आता हप्त्याने विकत घ्यायची. 'कसेल त्याची जमीन' असा कायदा दक्षिणेत अखेर झाला तो १९७० मध्ये. तोवर त्या शेतकऱ्याने आपली बाजू केव्हाच ठरवली होती.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. मे १९६३ मध्ये ह्युए शहरात बुद्धजयंतीला धम्मध्वज लावण्यास बंदी केली गेली. बंदीच्या निषेधार्थ जमलेल्यांवर बळ वापरले गेले आणि माणसे मेली. ११ जूनला सायगावच्या भर चौकात वृद्ध भिक्खू थिच क्वांग डुक ह्यांनी पद्मासनात बसून स्वतःला जाळून घेतले. तोच पंचरंगी ध्वज आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला लागतो. मुलांना मी हे सांगतो तेव्हा वर्ग गप्प होतो. रायगडाच्या मातीच्या गोष्टीने तो असा गप्प होत नाही.

युद्धाबद्दल मी थोडेच लिहितो, कारण ते सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात सर्वांनी मिळून टाकले त्याहून अधिक बॉम्ब त्या चिमुकल्या प्रदेशावर पडले. १९६१ ते १९७१ ह्या काळात रानांवर आणि शेतांवर विष फवारले गेले. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. कलकत्त्यात 'माझे नाव तुझे नाव व्हिएतनाम' अशा घोषणा झाल्या, हॅरिंग्टन स्ट्रीटला हो चि मिन्ह ह्यांचे नाव मिळाले. आमच्याकडे ७२ साली उभी राहिलेली पँथर पिढी त्याच हवेत वाढली.

पण विजयाची आरती ओवाळून थांबणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. उत्तरेत १९५३ ते १९५६ ह्या काळात जमीन सुधारणा झाली, आणि लाखो भूमिहीनांना जमीन मिळाली हे खरे. तीत निरपराध माणसे मारली गेली हेही तेवढेच खरे. बाहेरून आलेली पथके गावात जमीनदार किती निघाले पाहिजेत ह्याचा कोटा घेऊन येत. नाही निघाले तर मध्यम शेतकऱ्याला जमीनदार ठरवीत. हजारो लोकांना देहदंड झाला. १९५६ च्या उन्हाळ्यात हो चि मिन्ह ह्यांनी चुका मान्य केल्या, ऑक्टोबरअखेर जियाप ह्यांनी जाहीर कबुली दिली आणि पक्षाचे सरचिटणीस त्रुओंग चिन्ह ह्यांना पद सोडावे लागले. वाचकांनी ही तारीख लक्षात घ्यावी. त्याच ऑक्टोबरच्या १४ तारखेला नागपूरला दीक्षा झाली, आणि २० नोव्हेंबरला काठमांडूत बाबासाहेब बुद्ध आणि मार्क्स ह्यांच्याविषयी बोलले. हिंसा आणि हुकूमशाही हाच तेथे त्यांचा मुद्दा होता. दोन ठिकाणची माणसे एकमेकांना ओळखत नव्हती, पण प्रश्न एकच होता.

त्यातही एक गोष्ट मला फार बोचते. 'जमीनदार' हा शिक्का नंतर पोरांच्या कागदपत्रांवर उतरला. शाळेत, विद्यापीठात, नोकरीत बापाचा वर्ग विचारला जाऊ लागला. वर्ग जन्मावरून ठरू लागला की त्याला काय म्हणायचे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पुढे उत्तरेत जमिनी सहकारी संस्थांत गेल्या. माणसे कामाचे गुण मिळवण्यापुरते शेतात येत आणि जीव ओतत तो घरामागच्या परड्यात. साठीच्या दशकात व्हिन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक ह्यांनी गुपचूप कुटुंबांना शेत कराराने लावून दिले. भात वाढले, न्गोक ह्यांना मात्र आत्मटीका करावी लागली. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांत अग्रभागी होते तेच त्रुओंग चिन्ह. देश एक झाल्यावर हीच पद्धत दक्षिणेवर लादली गेली आणि तेथील शेतकऱ्याने ती मनाने स्वीकारलीच नाही. त्यात कंबोडियातले युद्ध, १९७९ चे चीनशी युद्ध, अमेरिकेची नाकेबंदी. रेशनच्या रांगा लागल्या. १९८६ मध्ये महागाई वर्षाला सातशे टक्क्यांवर गेली. त्या वर्षी काही महिने पुन्हा सरचिटणीस झालेल्या त्रुओंग चिन्ह ह्यांनीच म्हातारपणी सुधारणेची बाजू घेतली! डिसेंबर १९८६ च्या सहाव्या अधिवेशनात 'दोई मोई', म्हणजे नवे करणे, हे धोरण ठरले आणि न्गुयेन व्हान लिन्ह सरचिटणीस झाले. एप्रिल १९८८ च्या दहाव्या ठरावाने शेत कुटुंबाच्या हाती आले. तांदूळ आयात करणाऱ्या ह्या देशाने १९८९ मध्ये दहा लाख टनांहून अधिक तांदूळ बाहेर विकला.

आपल्याकडचे बाजारवादी प्राध्यापक गोष्ट येथेच संपवतात : पाहा, बाजार आला आणि भूक गेली. मला हे अर्धे सत्य वाटते. बाजार आला तेव्हा उत्तरेच्या गावात प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला, घरातली डोकी मोजून, जवळजवळ सारखी जमीन आली होती. जमीनदार आधीच गेला होता, सावकार गेला होता. १९९३ च्या कायद्याने ती जमीन वारसाला देण्याचा, गहाण टाकण्याचा, हस्तांतराचा हक्क मिळाला. पुढे दाखल्यावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावणे आवश्यक झाले. आपल्याकडे १९९१ मध्ये बाजार मोकळा झाला, तेव्हा महारवाड्यात, मांगवाड्यात, कातकऱ्याच्या वाडीवर कोणाच्या नावे काय होते? शर्यत तीच असेल, पण कोण कोठून धावायला लागला हे पाहणार की नाही?

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीन सरकारच्या मालकीची करून गावकऱ्यांना जातिभेद न पाहता सामुदायिक रीतीने कसायला द्यावी असे मांडले होते. व्हिएतनामच्या सहकारी शेतीच्या फजितीने ते खोटे ठरले काय? माझे मत असे की कामाची पद्धत खोटी ठरली, वाटपाचे तत्त्व नाही. शिवाय बाबासाहेबांना ती व्यवस्था संविधानात लिहिलेली आणि संसदीय लोकशाहीबरोबर नांदणारी हवी होती, पक्षाच्या पथकाने कोटा घेऊन आणलेली नव्हे. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी जरूर लिहावे.

आता माझ्या तालुक्याकडे येतो. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, येथे मुळा आणि नीला नद्यांच्या संगमावरील टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. पन्नासावर गावांचा प्रश्न होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेतल्या जात होत्या. वीज जाणार होती मुंबईच्या गिरण्यांना. सेनापती बापटांनी तुरुंगवास सोसला, आणि १९२४ पर्यंत लढा विझला. राजेंद्र व्होरा ह्यांनी आपल्या 'मुळशी सत्याग्रह' ह्या पुस्तकात दाखवले आहे की ह्या लढ्याच्या पोटातच दोन हितसंबंध होते. कसणाऱ्या मावळ्याला जमीन हवी होती. पुण्यात राहणाऱ्या सावकार-मालकाला मोबदला चालणार होता. कागद सावकाराकडे होता. आणि मावळ्याच्याही खाली जो होता, वेसकर, येसकर, रानातला कातकरी, त्याचे तर त्या पाण्याखाली काय गेले ह्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? खंडाचा करारही त्याच्या नावावर नव्हता.

पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ पासून कूळ मालक झाले. जे कूळही नव्हते ते तसेच राहिले. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांना १९५९ आणि १९६४–६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले. आमच्या घराण्याचे वतन १९५८ च्या कायद्याने गेले आणि नजराणा भरून तुकडा परत मिळाला, तो 'नवीन शर्ती'वर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता न येणारा. वडिलांच्या वाट्याला अकरा गुंठे आले. रस्ता रुंद झाला, भाव चढले, एक एजंट परवानगीसकट सगळे कागद घेऊन घरी आला, आणि मी एम. ए.ला असताना ते अकरा गुंठे गेले. वडिलांना किती मिळाले ते त्यांनी मला कधी सांगितले नाही. २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आला. जमीन विकून देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची ती कथा. माझ्या विद्यार्थ्यांनी तो तीन-तीनदा पाहिला. एका मुलीने विचारले, सर, ज्यांच्याकडे विकायलाच नव्हती त्यांचा पिक्चर कोण काढणार?

व्हिएतनामातही आता हेच वळण आले आहे. तेथे जमीन 'सर्व जनतेची' आहे, म्हणजे ती कोणाला द्यायची हे सरकार ठरवते. १९९७ मध्ये थाय बिन्ह प्रांतात, जेथून युद्धासाठी ढिगाने तरुण गेले होते, शेतकरी गावपुढाऱ्यांच्या भ्रष्टाचाराविरुद्ध उठले. पक्षाने १९९८ मध्ये गावपातळीवर हिशेब उघडा करण्याचा हुकूम काढला. सत्ता मात्र एकाच पक्षाकडे राहिली. एप्रिल २०१२ मध्ये हनोईजवळ व्हान ज्यांगला 'इकोपार्क' नावाच्या नव्या नगरासाठी मोठा पोलीस फौजफाटा आणून शेते ताब्यात घेतली गेली. डोंगराळ भागातल्या अल्पसंख्य जमातींच्या जमिनी कॉफीच्या मळ्यांत गेल्या. २००१ आणि २००४ मध्ये तेथे मोर्चे निघाले. आमच्या तालुक्यात हिंजवडी–माण झाले, मोसे खोऱ्यात लवासा झाले. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. आपल्याकडे शब्द 'सार्वजनिक प्रयोजन', तिकडे 'सर्व जनता'.

ह्या वर्षी दहावा ठराव शिकवताना मी वर्गाला सांगितले, उद्या येताना प्रत्येकाने आपल्या घरचा सातबारा आणा, बाईचे नाव त्यावर आहे का ते पाहू. सत्तावीसपैकी सोळा जणांनी आणला. बाईचे नाव चौघांच्या उताऱ्यावर होते, त्यातल्या तीन विधवा. उरलेल्या अकरांपैकी एकाने विसरलो म्हणून सांगितले. बाकीचे खाली पाहत होते. मग मागच्या बाकावरची वाडीवरची मुलगी म्हणाली, सर, आमचा नाही, पण आजोबा ज्यांच्याकडे राबतात त्यांचा आणू का?